हेडफोनमधली झील

शांतामावशीचा आवाज नेहमी आईच्या मागून यायचा. पांढुर्ण्याच्या विहारामागच्या मोकळ्या जागेत चटया पसरलेल्या असायच्या आणि पाच-सहा वर्षांची मी आईच्या मांडीला डोकं लावून पेंगत असायची. आईचा आवाज उंच, ताणलेल्या दोरीसारखा सरळ. ओळ संपत आली, दम सरत आला, की नेमक्या त्या जागी शांतामावशी खालून यायची. तिचा आवाज जाड, जरासा खरखरीत, उन्हात वाळवलेल्या वाकळीसारखा. पडणाऱ्या लेकराला कुणी बगलेत हात घालून उचलावं तशी ती ओळ उचलायची. मग तिच्यासोबत बाकीच्या बाया. तेवढ्यात आई दम भरून पुढच्या ओळीला मोकळी व्हायची.

याला आमच्याकडं झील धरणं म्हणतात. त्याचा नियम एकच, आणि तो कुणी शिकवत नाही. मागून झील उठली की पुढचीनं तोंड मिटायचं. वाट पाहायची. झील खाली बसली की मगच पुढची ओळ सोडायची. आईनं हे पंचवीस-तीस वर्षं केलं.

पुढं शांतामावशी यायची बंद झाली. ती जाम नदीपलीकडं सावरगावला राहते. मध्ये एक पूल, पायी वीस मिनिटांची वाट. पण वीस वर्षांत ना ती आली, ना आई गेली. कुणी विचारलंच तर आई सांगायची, शांताचा गळा गेला. आम्हीही ते धरून चाललो.

या नोव्हेंबरात मात्र माझ्या डोक्यात शांतामावशी नव्हती. डोक्यात होता तो येणारा सोमवार. सोमवारी सकाळी आईचे वरचे सगळे दात काढायचे होते. समोरचे चार तर हलतच होते, तिनं भाकरी कुस्करून खायला लागून दोन महिने झाले होते. सौंसरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की हिरड्या भरून आल्या की मग कवळी बसवू. आईला कवळीची हौस होती. मला धसका होता. कारण त, थ, द, स ही अक्षरं दातांच्या आधारानं उभी असतात, आणि आईचं गाणं म्हणजे अशाच सुट्या, स्वच्छ अक्षरांचं गाणं. कवळीतून आवाज येईल, पण हा येणार नाही.

आणि आईचं एकही गाणं कुठं नीट रेकॉर्ड झालेलं नव्हतं. विशेषतः ते एक, ज्याला पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंत सगळे ‘चंद्रकलाबाईचं गाणं’ म्हणतात.

म्हणून मी आई-बाबांना गुरुवारीच सौंसरला माझ्याकडं आणून ठेवलं. माझ्या घराला माळ्यावर एक छोटी खोली आहे. मी मराठी शाळेत शिकवते, पुस्तकातल्या कविता त्या खोलीत रेकॉर्ड करून पोरांच्या आयांना पाठवते. भिंतींना कापसाच्या गाद्या टेकवून ठेवल्या आहेत, त्यानं आवाज घुमत नाही. एक माइक आहे. आणि माइक नि लॅपटॉपच्या मध्ये बसणारा एक डबा आहे, जाड पुस्तकाएवढा, पत्र्याचा. ऑडिओ इंटरफेस. माइकातला आवाज लॅपटॉपला कळेल असा करून देणं हे त्याचं काम. माझा धाकटा भाऊ प्रतीक कॉलेजात असताना नागपूरहून तो घेऊन आला होता. पुढं तो पुण्याला नोकरीला गेला आणि डबा माझ्याकडं राहिला. पंधरा वर्षं झाली असतील. दिवाळीपर्यंत एक दिवस त्यानं मला दगा दिला नव्हता.

दिवाळीनंतर लॅपटॉपनं आपणहून अपडेट घेतलं, आणि डब्याचा ड्रायव्हर चालेना. ड्रायव्हर म्हणजे डब्याची भाषा लॅपटॉपला सांगणारा प्रोग्राम. लॅपटॉप म्हणाला, हा ड्रायव्हर जुना आहे, धोक्याचा आहे, मी याला आत घेणार नाही. कंपनीच्या पानावर गेले तर तिथं तीन ओळी होत्या. हे मॉडेल आता बंद आहे. नवीन ड्रायव्हर निघणार नाही. खाली आमच्या नव्या वस्तू पाहा.

प्रतीकला फोन लावला. तो मीटिंगमधून बाहेर येऊन म्हणाला, ताई, फेकून दे तो डबा, नवा मागव. नवा मागवला तर बुधवारी येणार होता. बुधवारी काय करू, आईच्या हिरड्या रेकॉर्ड करू, असं मी म्हटलं. मग त्यानं सेटिंगमधल्या चार जागा सांगितल्या. त्या चारही जागा मी आधीच खणून पाहिल्या होत्या.

मोबाइलवर कर, असं जो भेटेल तो सांगत होता. केलं होतं. मोबाइलला आईचा लांबवलेला सूर कळतच नाही. त्याला तो पंख्याचा आवाज वाटतो आणि तो पुसून टाकतो. शब्द राहतात, सूर जातो. ऐकलं की वाटतं, आई रेशनच्या दुकानात नाव सांगत आहे.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर लॅपटॉप आणि डबा घेऊन हेमराजच्या दुकानात गेले. हेमराज सगळ्या सौंसरचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं लॅपटॉपची सगळी कुलपं काढली, ड्रायव्हर जबरदस्तीनं आत ढकलला. लॅपटॉप निळा पडला आणि बंद झाला. पुन्हा चालू केला, पुन्हा निळा. तासाभरानं त्यानं होतं तसं करून दिलं आणि डबा माझ्यासमोर सरकवला.

"मॅडम, याचा आता कोनी वाली नाही राह्यला," तो म्हणाला. "बिना ड्रायव्हरचा चालते, मोघम. पन आवाज लेट यीन."

मोघम तर मोघम. मी घरी येऊन लॅपटॉपच्या स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर डबा लावला. दिवा लागला. माइकवर टिचकी मारली तर पडद्यावरची रेघ हलली. मला रडू यायचंच राहिलं होतं. शिडीवरून मी आईला हाक मारली.

बाबा तिच्यामागून आले. मनोहर त्यांचं नाव, सरकारी बसवर ड्रायव्हर होते. त्या बसच बंद झाल्या तेव्हा घरी बसले. मी त्यांना भानगड समजावून सांगितली. गाडी धडधाकट आहे पण ड्रायव्हर जुना म्हणून उभी आहे, हे ऐकून त्यांनी डब्याकडं फार मायेनं पाहिलं.

"असंच केलं होतं आमच्या संगं," म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

ढोलकी आईच्या साथीला बसणाऱ्या मधुकरमामांनी दसऱ्यातच माझ्याकडं रेकॉर्ड करून ठेवली होती, डबा धड होता तेव्हा. आईनं हेडफोन लावून ती ऐकायची आणि माइकात गायचं, एवढंच होतं. मी तिच्या केसांवरून हेडफोन बसवला, पदर नीट केला. ढोलकी सुरू केली. आईनं डोळे मिटले.

जामनदीच्या काठाशी गं...

आणि ती थांबली.

मला वाटलं, घाबरली. पुन्हा लावलं. जामनदीच्या काठाशी गं. थांबली. पाणी दिलं. पुन्हा लावलं. तेवढ्यावरच पुन्हा थांबली, तोंड मिटून, मान किंचित हलवत, ढोलकीचा ठेका मांडीवर धरून. मग एकदम दचकून डोळे उघडले. असं सोळा वेळा झालं. बाहेर संत्र्याच्या गाड्या भरत होत्या, हमालांची आरडाओरड गाद्यांतूनही येत होती. मी खिडकीच्या फटीत फडकी कोंबली. माइक जवळ आणला, लांब नेला. आईवर थोडी डाफरलेही.

शनिवारी सकाळी तिलाच विचारलं, तू थांबते काऊन. तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"झील उठली ना वं. म्हून थांबली."

"कोन्ती झील? कोनी नाही आहे तिथं."

"मागून येते ना आवाज. मीठ टाकल्यावानी बरोबर टायमावर येते."

मी हेडफोन माझ्या कानाला लावला, माइकात बोलले, आणि कळलं. हेमराज लेट म्हणाला होता तो हाच. आवाज माइकातून डब्यात, डब्यातून लॅपटॉपात, तिथून परत डब्यात आणि मग कानात. मूळ ड्रायव्हर असता तर ही फेरी कळलीही नसती. आता तिला पाव सेकंद लागत होता. मी गाणारी नाही, मला नुसतं अडखळल्यासारखं वाटलं. पण आईच्या मागून जाडसर होऊन कुणी तिचीच ओळ उचलत होतं, आणि तीस वर्षांची सवय तिचं तोंड मिटवत होती. जगात दुसरी कुणीही गाणारी अशा जागी गोंधळली असती, चिडली असती. माझी आई अदबीनं वाट पाहत होती, मागचीचं होऊ द्यावं म्हणून.

मी तिला सांगितलं की तो तुझाच आवाज आहे. ती म्हणाली, माह्या मागून मीच कशी यीन? आणि हसली, हलत्या दातांवर ओठ धरून.

मग मी तिचा आवाज हेडफोनमधून काढूनच टाकला, नुसती ढोलकी ठेवली. तर तिला आपलं गाणंच ऐकू येईना. दोन्ही कान बंद करून गाणं म्हणजे काय, ती म्हणाली, मेल्यावर गाणं. एक कान उघडा ठेवून पाहिला. तेव्हा ती ठेक्याच्या पुढं पळू लागली. पुन्हा दोन्ही कान, पुन्हा पाव सेकंद. तिला म्हटलं, तू थांबूच नको, मागून काहीही येऊ दे, तू रेटत राहा. तिनं रेटलं. घामाघूम होऊन शेवटच्या कडव्यापर्यंत आली आणि शेवटच्या ओळीआधी थांबली. एकदा नाही, तीनदा, त्याच जागी. मी लॅपटॉपचं झाकण आपटलं.

डब्यावर या रोगाचं औषध होतं, हेच जास्त जाळत होतं. समोरच्या बाजूला एक बटण आहे, फिरवायचं. ते डावीकडं नेलं की माइकातला आवाज लॅपटॉपकडं न जाता थेट कानात येतो, आणि मध्यावर ठेवलं की थेट आवाजही येतो नि ढोलकीही. पण त्याची टोपी कधीच पडलेली, आतली दांडी गंजून उजव्या टोकाला गच्च बसलेली. आजवर गरज पडली नव्हती म्हणून मी ते तसंच सोडलं होतं. मी पकडीनं फिरवायला गेले तर बाबांनी हात धरला. मोडशील, म्हणाले.

तेव्हाच मी ते सुचवलं. मशीनचा नाद सोडू, म्हटलं, शांतामावशीलाच आणू. गळा गेला तर गेला, नुसती मागं बसली तरी तुला आधार होईल. दोन-तीन तासांत गाडीनं घेऊन येते. समोर बसून, हेडफोन न लावता, जसं व्हायचं तसं होऊ दे.

आईचा चेहरा असा मिटला की मी पुढचं बोलणं गिळलं.

"तिले कायले तरास," ती म्हणाली. आणि शिडी उतरून खाली भांडी घासायला बसली. माझी घासलेली भांडी.

रविवारी दुपारपर्यंत बाबांनी त्या दांडीची सेवा केली. शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब सोडायचं, थांबायचं, फुंकर घालायची, पकडीच्या तोंडाला चिंधी गुंडाळून राईएवढं हलवायचं. जुनी गाडी अशीच बोलती करावी लागते, असं ते स्वतःशी म्हणत होते. मी त्यांच्या डोक्यावर उभी. उद्या या वेळेला आईच्या तोंडात कापूस असणार होता. मी दोनदा म्हटलं, राहू द्या आता. त्यांनी ऐकलं नाही. अडीचच्या सुमारास दांडी कुरकुरली आणि वळली. डबा खरखरला, मग शांत झाला. मी हेडफोन लावून माइकात हळूच बोलले. आवाज लगेच, ओठावरच. मागं कुणी नाही.

आई आली, बसली. हेडफोन लावून "हं" म्हणाली, आणि मागं वळून पाहिलं. खरंच मागं वळून, गादीकडं. मग डोळे मिटले.

जामनदीच्या काठाशी गं वाळू झाली पाटी,
बोट तुहं कलम लेकी, लिही माह्यासाठी.

थांबली नाही. सूर सरळ वर गेला, टोकाला जरा थरथरला, आणि दाताशी शब्द फुटला तो नव्या बांगडीसारखा. मी पडद्यावरच्या रेघेकडं पाहत होते. बाबा तेलाची कुपी हातात घेऊन तसेच उभे.

माह्या बोटाले बोंडाचे काटे, तुह्या बोटाले शाई,
नाव तुहं तू लिहिजो लेकी, मले येत नाही बाई.

लहानपणापासून ऐकलेली ओळ, पण इतक्या जवळून कधी ऐकली नव्हती. कापूस वेचणाऱ्या बाईची फाटलेली नखं मला दिसली. मग शेवटचं कडवं आलं.

आलं पानी, पुसून गेलं, पुन्हा गिरव अक्षर...

आमच्याकडं गाणं जोडणारी आपलं नाव शेवटच्या ओळीत बांधते. ती सही असते. इथं ‘चंद्रकला म्हणे लेकी, नदी होईल साक्षर’ अशी ओळ आहे, आणि तिथंच गाणं संपतं. मी बोट बटणाशी नेलं, ओळ पूर्ण झाली की दोन श्वास सोडून थांबवायचं म्हणून.

ओळ आली नाही. ढोलकी एकटीच वाजत राहिली. एक आवर्तन, दोन.

"आई."

तिनं डोळे उघडले नाहीत.

पुन्हा घेतलं. नुसतं शेवटचं कडवं घेऊ, म्हटलं, बाकीचं झालं आहे, एवढं जोडून देईन. अक्षर, आणि थांबली. पुन्हा अक्षर, पुन्हा थांबली. मागून आवाज येत होता का, विचारलं. नाही, म्हणाली. ढोलकी ऐकू येते का? येते. दुखते का? नाही.

मग माझा तोल गेला. मी रेकॉर्डिंग बंद केलं, हेडफोन तिच्या डोक्यावरून ओढून काढला.

"चार दिवस झाले, मी या डब्याले शिव्या देऊन राहिली," मी म्हटलं. "हेमराजच्या पाया पडली. बाबानं सकाळपासून पाठ मोडून घेतली. आता डबा धड आहे. आता काय आहे? एक ओळ आहे, आई. तुहंच नाव आहे तिच्यात. आपलं नाव घ्याले काय लागते?"

बाबा म्हणाले, करुणा, हळू. मला हळू होता येत नव्हतं. उद्या दात गेले की मला दोष देऊ नको, असंही मी बोलले. ते बोलायचं नव्हतं.

आई हेडफोनच्या वायरीची गाठ सोडवत बसली. तिथं गाठ नव्हती. खालच्या रस्त्यावर एक गाडी बराच वेळ मागं-पुढं करत होती, ती निघून गेली. आईनं वायर मांडीवर ठेवली आणि माझ्याकडं न बघता, माइकाकडंही न बघता, समोरच्या गादीकडं पाहून बोलायला लागली.

"मी सातवी पास आहे, करुणा. लग्नाच्या आधीपासून लिहिता येते मले. ‘मले येत नाही बाई’ हे मी काऊन जोडीन?"

मला कळायला वेळ लागला. बाबांना लागला नसावा. त्यांनी कुपीचं झाकण लावलं आणि खाली बसले.

"शांता जोडे. कापूस येचता येचता, तोंडातल्या तोंडात. तिची पोरगी शाळेत टाकली त्या साली. मले म्हने, चंद्रे, तुले येते तं लिहून ठेव, माह्या ध्यानात नाही राह्यत. मी वहीत लिहून घेतलं. शेवटी तिचं नाव होतं. मी माहं टाकलं. पुढून गाते तं मी, म्हटलं. तिले वाचता कुठं येते."

ती थांबली. दात जिभेनं चाचपले.

"लोधीखेड्याले स्टेजवर मी पयल्यांदा थे म्हटलं. मागून झील उठली. अख्ख्या गळ्यानं तिनं माहं नाव उचललं, जराही न अडकता. मी वळून नाही पाह्यलं. चार वर्षं प्रत्येक कार्यक्रमात उचललं तिनं. एक दिवस आलीच नाही. कोनी विचारलं तं मी म्हटलं, गळा गेला."

बाबांनी कुपी जमिनीवर ठेवली.

"तिचा गळा धड आहे," आई म्हणाली. "मी खोटं सांगितलं. अन् थे गानं माहं नाही. सुरूपासून शेवटलोक शांताचं आहे."